पोरगा मस्कतला होता, घर इथेच होते



आम्ही काही लेखक नाही. जिनात काम करणारा माणूस. दसऱ्यापासून होळीपर्यंत रुई-सरकीच्या धुळीत, आणि बाकीचे दिवस मिळेल त्या मजुरीवर. परंतु २०२५ च्या पावसाळ्यात मुलाच्या शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी आमची जी धावपळ झाली, आणि त्या धावपळीत आमचीच जी एक चूक उघडी पडली, ती लिहून काढावी असे पोराच्या मायने सांगितले. "तुमी लिवा. दुसऱ्याच्या लेकराले कामी पडन," असे तिचे म्हणणे. म्हणून हे लिहीत आहोत.

गाव वर्धा जिल्ह्यातले. तालुक्याचे नाव सांगत नाही. तिथल्या खिडकीवरच्या माणसांशी आमचे वैर नाही, आणि उद्या धाकट्या मुलीच्या कागदांसाठी पुन्हा त्याच खिडकीवर उभे राहायचे आहे.

मुलगा २०२४ साली बारावी झाला. विज्ञान घेऊन, बऱ्या गुणांनी. त्याला विजेच्या कामाची आवड. पॉलिटेक्निकला जायचे म्हणत होता. पण त्याच्या आदल्या वर्षी आमच्या आईच्या पायाचे ऑपरेशन झाले होते, थोरल्या मुलीचे लग्न त्याच सालातले, आणि बचत गटाचे व दुकानदाराचे मिळून कर्ज एवढे झाले होते की घरात त्याचा आकडा कोणी मोठ्याने बोलत नसे. त्याचा मामा मस्कतला एका ठेकेदाराकडे वायरिंगचे काम करतो. मामा म्हणाला, एक वर्ष पाठवा, हाताखाली घेतो, कर्ज फिटेल आणि कामही शिकेल. पोराने स्वतःच हो म्हटले. ऑगस्टमध्ये तो नागपूरहून मुंबईला आणि तिथून विमानाने गेला. आमच्या घरातले विमानात बसलेले पहिले माणूस. कौतुकही वाटले आणि रात्री जेवण गेले नाही.

आता आमची चूक सांगतो. गावात, विहारात, लोक विचारू लागले, "पोरगा कुठं गेला?" मजुरीला गेला असे म्हणायला आमची जीभ वळेना. ज्या पोराला दहावीत असताना जयंतीच्या मंचावर बोलावून पुस्तक दिले होते, तो बारावीनंतर तारा ओढायला गेला हे कसे सांगायचे? आम्ही म्हटले, "परदेशात शिकायला गेला." एकदा म्हटले आणि तेच पसरले. पुढे कोणी "तिकडंच राहीन का मंग?" असे विचारले तर आम्ही नुसते हसायचो. त्या हसण्याची किंमत पुढे कळली.

रेशन दुकानात मात्र आम्ही खरे बोललो होतो. शिधापत्रिकेतल्या प्रत्येकाचा अंगठा घेऊन ई-केवायसी करायचे चालले होते. दुकानदाराने पोराचा अंगठा मागितला. तो मस्कतला आहे असे आम्ही सरळ सांगितले. काही महिन्यांनी त्याचे नाव कमी झाले आणि पाच माणसांचे धान्य चार माणसांचे झाले. माणशी पाच किलो असा हिशेब, म्हणजे पंचवीसचे वीस. आम्ही म्हटले, पोरगा इथे जेवत नाही, मग त्याचे धान्य कशाला घ्यायचे? त्या वेळी ते बरोबरच वाटले. शिधापत्रिका म्हणजे नुसते धान्य नव्हे, तो राहण्याचा कागदही आहे, हे ध्यानात आले नाही.

जून २०२५ संपता संपता पोरगा परतला. कर्ज बरेचसे फिटले होते. हात काळे पडले होते, बोलणे कमी झाले होते, पण शिकायची इच्छा गेली नव्हती. नागपूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये विद्युत शाखेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा ठरले. फी भरण्याची ऐपत नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळाली तरच शिक्षण.

ही शिष्यवृत्ती कुठून आली हे आपल्या घरांतल्या मुलांना सांगितले पाहिजे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना त्यांनी सरकारपुढे मागणी मांडली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपये मंजूर झाले. धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळत नव्हत्या. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा त्या मिळू लागल्या. आज या शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते, आणि केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के असा खर्चाचा वाटा आहे. अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो.

या योजनेचा एक नियम आहे. विद्यार्थी कुठेही शिकत असो, शिष्यवृत्ती द्यायची ती तो ज्या राज्याचा कायमचा रहिवासी आहे त्या राज्याने. याचा उलटा अर्थ आम्हाला खिडकीवर कळला. महाराष्ट्राने "हा आमचा नाही" म्हटले, तर त्याला आमचा म्हणणारे दुसरे सरकार कुठून आणायचे? मस्कतचे सुलतान देणार आहेत काय?

लागणारे कागद बहुतेक घरी होते. जातीचा दाखला होता. उत्पन्नाचा निघाला. राहिला तो अधिवासाचा, ज्याला कागदावर 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' म्हणतात आणि बोलताना सगळे डोमिसाईल म्हणतात. शिवाय बारावी आणि प्रवेश यांच्यामध्ये एक वर्ष रिकामे, त्याचे गॅपचे प्रतिज्ञापत्र वेगळे.

खिडकीवर शिधापत्रिका दिली. त्या माणसाने नावे वाचली आणि मान हलवली. "यात मुलाचे नाव कुठे आहे?" आम्ही सांगितले, वर्षभर बाहेर होता म्हणून कमी झाले. "बाहेर म्हणजे?" मस्कतला. त्याने कागद परत सरकवले. "पंधरा वर्षांचा सलग रहिवास लागतो काका. हा तर परदेशात राहून आला. सलग कसा म्हणायचा?" मागे रांग होती. आम्ही बाजूला झालो. त्याने काही लिहून दिले नाही आणि आम्ही काही मागितले नाही.

बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणारा एक जण आमचे ऐकत होता. तो म्हणाला, "मस्कतचं नावच काढू नका. आजारी होता म्हणून घरीच बसला असं लिहू. डॉक्टरचा कागद मी आणतो. पाचशेचा स्टॅम्प आणि वरचे दोन हजार." खरे तर तहसीलमधून निघणाऱ्या अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक लागणार नाही, असे सरकारने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले होते. आम्हाला ते तेव्हा माहीत नव्हते. आम्ही खोटे कशाला बोलू, खिशात हात गेला होता. पोरगा म्हणाला, "बाबा, पासपोर्टवर शिक्के आहेत. जायचा बी अन् याचा बी. उद्या कोणी पासपोर्ट पाह्यला त मी जलमभर खोटा." आम्ही हात काढून घेतला.

आषाढ पौर्णिमेला विहारात गेलो. वंदना झाल्यावर मंडळी बसली होती. आमच्या समाजातले एक निवृत्त तलाठी तिथे असतात. त्यांना सगळे दादा म्हणतात. शेजारी जिल्हा न्यायालयात वकिली करणारी आमच्याच गावची एक लेक बसली होती. दोघांपुढे पिशवी ठेवली.

वकील पोरगी म्हणाली, "काका, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सांगितलं आहे की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास अशी गोष्ट कायद्यात नाही. राज्यं तो शब्द वापरतात तो कायमचा रहिवास या अर्थाने. म्हणून पाहायचं हे, की याचं कायमचं घर कुठे आहे आणि हा परत येण्यासाठी गेला होता की कायमचा."

मग तिने मतदार यादीचे उदाहरण दिले. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये लिहिले आहे की माणूस आपल्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेला, एवढ्यावरून तो तिथला रहिवासी राहत नाही असे होत नाही. तो कायदा मतदार यादीपुरता, डोमिसाईलला तो जसाच्या तसा लागत नाही, पण विचार तोच. आम्हाला एकदम आठवले. पोराने २६ एप्रिल २०२४ ला लोकसभेचे पहिले मत गावच्या शाळेत दिले होते. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला तो मस्कतला होता, पण त्याचे नाव यादीत होतेच, आमच्या नावाखाली.

तिने आणखी एक सांगितले ते ऐकून बसलेल्यांना नवल वाटले. इंग्लंडमध्येही विद्यार्थ्याला सरकारी पैसा हवा असेल तर अभ्यासक्रमाच्या आधीची तीन वर्षे तिथे नेहमीचा राहत होतो हे दाखवावे लागते. तिथली पोरे शाळा संपल्यावर एक वर्ष जगभर हिंडतात, परत येतात आणि हाच प्रश्न त्यांनाही विचारला जातो. तात्पुरते बाहेर गेल्याने तिथलाही रहिवास तुटत नाही. या 'नेहमीच्या राहण्या'चा अर्थ काय यावर तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८२ साली निकाल दिला, आणि तो खटलाही विद्यार्थ्यांच्या अनुदानाचाच होता. फरक एवढाच की ती पोरे जग पाहायला जातात. आमचा कर्ज फेडायला गेला.

दादा तोवर गप्प होते. ते पोराकडे वळून म्हणाले, "गॅप लपवाची कायची? बाबासाहेबांच्या शिक्षणात तीन वर्सांची गॅप हाय. १९१६ ले लंडनले नाव घातलं, १९१७ ले बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, वापस या लागलं. मंग सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा जमवला, शाहू महाराजांनी मदत केली, अन् १९२० ले पुन्हा गेले. पैशासाठी पडलेली गॅप हाय ते. तुही बी पैशासाठीच पडली." पोराने मान वर केली. मस्कतहून आल्यापासून तो विहारात मागच्या भिंतीला टेकूनच बसत असे.

आम्हाला मात्र त्या वेळी बोलता आले नाही. कारण 'कर्ज फेडायला गेला' हे तिथे बसलेल्या पाच-सहा जणांनीच ऐकले होते. बाकी सगळ्यांसाठी तो अजून शिकायला गेलेला पोरगा होता.

कागद गोळा करायला दादांनी शिकवले. ते सांगत, "कागद एकटा बोलत नाही, चार कागद रांगेत बोलतात." म्हणून जन्मापासून रांग लावली. जन्माचा दाखला सेवाग्रामचा. पहिली ते चौथी गावच्या जिल्हा परिषद शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, पाचवी ते बारावीचा टीसी. हे बारा वर्षांचे झाले. घर आमच्या आईच्या नावावर, ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा आणि घरटॅक्सच्या पावत्या. लाईट बिले. मतदार यादीचे पान. आणि पासपोर्ट. आम्ही पासपोर्ट लपवायला निघालो होतो, दादांनी तो सगळ्यात वर ठेवला. "याच्या मागच्या पानावर पत्ता कोन्या गावचा हाय? आपल्याच ना? मस्कतले जाऊ द्याच्या आधी सरकारनंच याले या गावचा म्हटलं हाय." जाण्याचा शिक्का, येण्याचा शिक्का, दहा महिन्यांचा व्हिसा संपल्याची नोंद, सगळे त्यात होते.

पेटीच्या तळाशी कोतवाल बुकाची नक्कल सापडली. थोरल्या मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी ती काढली होती, कारण अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. नवीन वाचकांसाठी सांगतो. आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि त्याआधी मध्य प्रांतात. त्या काळी गावच्या जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाच्या पुस्तकात होत असे आणि ती खबर ठाण्यावर पोचवायचे काम कोतवालाचे. पुष्कळ गावी हा कोतवाल महारच असे. आमच्या आजोबांचा बाप कोतवाल होता. पाटलाच्या लेकाचा जन्म, कुणब्याच्या सासूचे मरण, सगळ्या गावाची नोंद त्याने बगलेत धरून उन्हातान्हात पायी नेली. त्यातच आमच्या आजोबांच्या जन्माची एक ओळ आहे. डोमिसाईलला हा कागद कोणी मागत नाही. दादांनी तरी तो जोडायला लावला. "राहू दे खाली. भार पडते," म्हणाले.

या वेळी अर्ज रीतसर भरला आणि पावती घेतली. सेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. अधिवासाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, आणि नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यावे लागते, त्यावर अपील करता येते. पावती नसेल तर यातले काहीच करता येत नाही. पहिल्या दिवशी आम्ही तोंडी नकार घेऊन घरी आलो तेव्हा कागदावर आम्ही तिथे गेलोच नव्हतो.

आणि तरी अर्ज अडकला. या वेळी आमच्यामुळे. चौकशीला तलाठी गावात आले. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गाव तलाठीच म्हणते. आम्ही कामावर होतो. त्यांनी शेजारी दोघांना विचारले. दोघेही आमची भले चिंतणारी माणसे. त्यांनी कौतुकाने सांगितले, "पोरगा हुशार हाय साहेब, परदेशात शिकते, तिकडंच राहीन म्हणतात." साहेबांनी तेच लिहिले.

संध्याकाळी कळले तेव्हा पोराची माय चुलीपुढून उठलीही नाही. एवढेच म्हणाली, "अवो, रेशनवाल्यापाशी खरं सांगतलं अन् आपल्या माणसापाशी खोटं. उलटं झालं तुमचं." आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमची आई खाटेवरून म्हणाली, "तुहा बाप नाल्या काढाले गेलता पुलगावले. मी त कोनापाशी लपवलं नाही."

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर आम्ही उभे राहिलो. भाषणाची सवय नाही, पाय कापत होते. सांगितले की आमचा मुलगा मस्कतला शिकायला नव्हे, मजुरीला गेला होता. दहा महिने वायरमनच्या हाताखाली होता. घराचे कर्ज त्याने फेडले. आम्ही लाजेपोटी खोटे सांगितले आणि आज त्यानेच त्याचा दाखला अडला आहे. कोणी हसेल असे वाटले होते. मागे बायकांत एक जण हळूच म्हणाली, "माहा बी सुरतलेच हाय, कॉलेजात नाही." तिच्या मुलाचे नागपूरचे कॉलेज गावाने दोन वर्षे ऐकले होते. मग आणखी कोणी पुण्याच्या हॉटेलातल्या पोराचे काढले. दादांनी सगळ्यांना गप्प केले, नाहीतर दुपार झाली असती.

ते दोन शेजारी दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून आमच्याबरोबर तालुक्याला आले. नवा जबाब दिला. मुलगा कामाला गेला होता, आई-बाप, आजी, बहीण सगळे गावातच, घर तेच, तो परत येऊन त्याच घरात राहतो. वरच्या साहेबांनी पासपोर्ट चाळला. शिक्क्यांवर बोट ठेवून तारखा मोजल्या. मग खालचे कागद उलटत गेले आणि कोतवाल बुकाच्या नकलेवर थांबले. "हे कशाला जोडले?" आम्ही म्हटले, "साहेब, एवढ्या वर्षांपासून इथे आहोत म्हणून." ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात दाखला निघाला.

बाकीचे लवकर सांगतो. गॅपच्या प्रतिज्ञापत्रात 'आर्थिक अडचणीमुळे ओमान देशात मजुरीस गेलो होतो, या काळात कोठेही शिक्षण घेतले नाही' असे खरे तेच लिहिले. कॉलेजच्या बाईंनी एकदा वाचून पुढे पाठवले. कुठे अडले नाही. नागपूरला राहायचे म्हणून स्वाधार योजनेचाही अर्ज केला. २०१६-१७ पासूनची ही योजना. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना नागपुरात राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. गंमत बघा, एका अर्जात पोरगा महाराष्ट्राचाच आहे हे सिद्ध करायचे आणि दुसऱ्यात तो नागपूरचा नाही हे. दोन्हींना तोच घरटॅक्सचा कागद चालला. पैसे उशिरा आले, ते सगळ्यांचेच येतात, तोवर मामाने महिन्याला काही पाठवले.

ज्यांची मुले-मुली बाहेर कामाला आहेत त्यांना आमचे सांगणे एवढेच की जाण्याआधीच डोमिसाईल काढून ठेवा. बारावीचा टीसी हातात येतो तेव्हा ते सोपे असते. शिधापत्रिकेतून नाव कमी होऊ लागले तर विचारपूस करा, आम्ही केली नाही. जाण्यायेण्याची तिकिटे फेकू नका, पेटीत ठेवा. आणि चौकशीला माणूस आला तर आपण घरी असा, नाहीतर निदान शेजाऱ्यांना खरे माहीत असू द्या.

शिधापत्रिकेत नाव पुन्हा चढवायला दिवाळी उजाडली. पोरगा सुट्टीत आला होता. दुकानात त्याला घेऊन गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, घेतला नाही. तारांनी बोटाची कातडी गेली आहे. दुकानदार म्हणाला, धुऊन या. हापशीवर धुतला, पॅंटला पुसला, पुन्हा ठेवला. तिसऱ्या वेळी घेतला. त्या महिन्यात पाच माणसांचे पंचवीस किलो धान्य घरी आले.